बसवण सैल नको, वाट मोकळी हवी : मागच्या चाकाच्या बेअरिंगविषयी

गंगापूर रोडवर रविवारी सकाळी सहा-साडेसहाच्या सुमारास उभं राहिलं की नाशिककरांचं गाडीप्रेम दिसतं. जुन्या जिप्सी, निगुतीनं जपलेल्या प्रीमियर ११८एनई, एखादी पोर्शे बॉक्सटर किंवा बीएमडब्ल्यू झेडफोर अशा गाड्या आनंदवल्ली, सोमेश्वर मागे टाकत धरणाकडे आणि पुढे गिरणाऱ्याकडे निघतात. राष्ट्रीय रॅली मालिकेतली 'रॅली ऑफ महाराष्ट्र' नाशिकच्या परिसरात झालेली असल्यामुळे गाडी स्वतः उघडून पाहणारी मंडळीही इथे बरीच आहेत. हा लेख त्यांच्यासाठी आहे. पावसाळ्यानंतर त्यांच्यातल्या अनेकांना एकच तक्रार घेऊन गॅरेज गाठावं लागतं. मागून घुं-घुं आवाज येतो, बेअरिंग गेलंय, आणि ते निघता निघत नाही.

मग कुणीतरी सुचवतो, 'स्पिंडलला पॉलिश पेपर मारून घे. पुढच्या वेळी बेअरिंग हातानं निघेल.' वेळ वाचवणारा वाटतो म्हणून हा सल्ला लगेच पटतो. पण निम्म्या गाड्यांवर तो चालतो आणि उरलेल्या निम्म्यांवर चाक गाडीपासून वेगळं होण्याची सुरुवात तिथून होते. आपली गाडी कुठल्या निम्म्यात आहे, हे आधी कळायला हवं.

मारुती ८००, झेन, एस्टीम या गाड्यांत इंजिनाची ताकद पुढच्या चाकांना जाते. मागचं स्पिंडल म्हणजे अॅक्सलला घट्ट बसवलेला, न फिरणारा खुंट. त्याच्याभोवती ड्रम फिरतो. गाडीचं वजन स्पिंडलच्या एकाच बाजूवर, कायम त्याच जागी येतं. म्हणून बेअरिंगची आतली रिंग स्पिंडलवर हातानं सरकण्याइतकी मोकळी असली तरी चालतं. नट योग्य ताकदीनं आवळला की ती जागच्या जागी राहते. घट्ट बसायला हवी ती बाहेरची रिंग, ड्रमच्या आत, कारण फिरते ती तीच. अशा गाडीत गंज बारीक पॉलिश पेपरनं हलकेच काढला, स्पिंडलला ग्रीसचा पातळ हात फिरवला, तर काही बिघडत नाही. या गाड्यांचा विषय इथेच संपतो.

जिप्सीचं गणित उलटं आहे. ११८एनई, तिचं मूळ असलेली फियाट १२४, त्या घराण्यातली १२४ स्पायडर ही स्पोर्ट्स कार, आणि बॉक्सटर, झेडफोर यांचंही तसंच. इथे चाकाबरोबर शाफ्ट किंवा हब स्वतः फिरतो आणि आतली रिंग त्याच्याबरोबर फिरते. वजन मात्र नेहमी एकाच दिशेनं येतं. म्हणजे दर फेऱ्याला रिंगचा प्रत्येक भाग आळीपाळीनं दाबाखाली येतो. शाफ्ट आणि रिंग यांत केसभरही मोकळीक असेल, तर सैल बांगडी मनगटाभोवती घरंगळते तशी रिंग शाफ्टवर मागे मागे घरंगळत राहते.

किती घरंगळते, ते कागदावर मांडून पाहा. समजा व्यासात फक्त १० मायक्रॉनची मोकळीक राहिली, म्हणजे मिलिमीटरचा शंभरावा भाग. रिंगचा आतला घेर शाफ्टच्या घेरापेक्षा सुमारे ०.०३१ मिलिमीटरनं मोठा झाला. दर फेऱ्याला तेवढी ती मागे पडणार. चाकाचा घेर दोन मीटर धरला तर किलोमीटरला ५०० फेरे होतात. म्हणजे किलोमीटरला जवळपास १६ मिलिमीटर. ३५ मिलिमीटरच्या शाफ्टचा घेर ११० मिलिमीटर असतो. दर सात किलोमीटरला रिंग शाफ्टवर एक पूर्ण फेरा घासते. नाशिकहून त्र्यंबकेश्वरला पोहोचेपर्यंत चार फेरे झाले. तेही पूर्ण वजनाखाली आणि तेलाविना. अशी रिंग काढली की खाली विटकरी रंगाची बारीक पूड दिसते. ती साध्या गंजाची नसते. ते शाफ्टचंच घासून निघालेलं आणि मग गंजलेलं पोलाद असतं.

म्हणून फिरत्या शाफ्टवरची बसवण घट्टच ठेवायची. इंजिनिअरिंगच्या भाषेत के५, के६ अशी ती लिहितात. ३५ मिलिमीटरच्या शाफ्टला के६ म्हणजे ३५.००२ ते ३५.०१८ मिलिमीटर. साध्या दर्जाच्या बेअरिंगचं भोक ३४.९८८ ते ३५.०००. दोन्ही जुळवले की २ ते ३० मायक्रॉनची ओढ राहते, म्हणजे शाफ्ट भोकापेक्षा तेवढा मोठा असतो आणि रिंग त्याला घट्ट धरते. पॉलिश पेपर हाती घेऊन पाच मिनिटं शाफ्ट घासला, तर ही सगळी ओढ जाऊ शकते. शिवाय हातानं घासलेला शाफ्ट कधीच सारखा गोल राहत नाही.

बेअरिंग काढणं सोपं करायचं ते शाफ्टच्या व्यासात नाही. ते बाकी सगळीकडे करता येतं, आणि त्याला भरपूर वाव आहे.

बॉक्सटर किंवा झेडफोरचा हब स्लाइड हॅमरनं ओढून काढला की बेअरिंग दुभंगतं. बाहेरची रिंग नकलमध्ये राहते आणि आतल्या रिंगचा अर्धा भाग हबवर चिकटून येतो. तो हबच्या खांद्याला असा टेकलेला असतो की पुलरच्या नख्यांना शिरायला जागाच नसते. मग ग्राइंडर निघतो. तिरकी चीर मारून, छन्नीनं रिंग फोडून काढतात. कसलेल्या हातात हे काम नीट होतं. पण चकती अर्धा मिलिमीटर जास्त खाली गेली, तर हबच्या बैठकीवर आडवा ओरखडा उठतो. वळणावर सगळ्यात जास्त वाकवणारा ताण नेमका तिथेच येतो. त्या ओरखड्यातून भेग निघते, दर फेऱ्याला कणाकणानं पुढे सरकते आणि एक दिवस हब तुटतो. बाहेरून आधी काहीच दिसत नाही.

यावर करण्यासारखा बदल म्हणजे हबच्या खांद्यावर पुलरच्या नख्यांसाठी खाचा पाडणं. बेअरिंग बनवणाऱ्या कंपन्या आपल्या मार्गदर्शनात यंत्र आखणाऱ्यांना हेच सांगतात. खांद्यात खाचा ठेवा, घराच्या म्हणजे बेअरिंग ज्यात बसतं त्या भागाच्या खांद्यात आट्याची भोकं ठेवा, म्हणजे बेअरिंग न फोडता निघेल. मोटार कंपन्यांनी ते बहुधा ठेवलेलं नसतं. आपण ते नंतर करून घेऊ शकतो, पण काही अटी पाळून. खाचा समोरासमोर दोन किंवा १२० अंशांवर तीन असाव्यात, म्हणजे तोल बिघडत नाही. त्या खांद्याच्या तोंडावर पाडायच्या, बैठकीवर नाही. बैठक आणि खांदा जिथे मिळतात तिथली गोलाई, जिला टर्नर लोक रेडियस म्हणतात, तिला कटर अजिबात लागता कामा नये. खाच त्या गोलाईच्या बाहेर मिलिमीटरभर आधीच थांबावी. कटरची टोकं गोल हवीत, कारण काटकोनी कोपऱ्यात भेग हमखास जन्मते. कडा ऑइलस्टोननं मारून घ्याव्यात. शेवटी डाय पेनिट्रंट चाचणी करावी. लाल रंग लावून, पुसून, पांढरा डेव्हलपर फवारला की बारीक भेग लाल रेघ होऊन उमटते. या चाचणीला लागणारे डबे औद्योगिक दुकानांत मिळतात आणि हे काम अर्ध्या तासाचं आहे. खांदा मुळातच पातळ असेल, नखी शिरेल एवढी खाच पाडली की पलीकडे फारसं पोलाद उरत नसेल, तर हा विचार सोडून द्या.

नकलच्या बाजूला काम आणखी सोपं आहे. तिथे बाहेरची रिंग ज्या खांद्याला टेकते, त्या खांद्यातून मागून दोन-तीन आट्याची भोकं पाडून घ्यायची. पुढच्या वेळी त्यात बोल्ट आळीपाळीनं पिळले की रिंग सरळ बाहेर येते. एरवी ती भोकं ग्रब स्क्रू आणि सीलंटनं बंद ठेवायची, नाहीतर पावसाळ्यात गंगापूर धरणाच्या रस्त्यावरचं चिखलपाणी आत जाईल. नकल अॅल्युमिनियमची असेल तर भोकं पाडायचीही गरज नाही. अॅल्युमिनियम पोलादाच्या जवळजवळ दुप्पट प्रसरण पावतं. ७५ मिलिमीटरचं घर ८० अंशांनी तापवलं तर ते सुमारे ०.१४ मिलिमीटरनं उघडतं, आतलं पोलादी बेअरिंग त्याच्या निम्म्याइतकंच फुगतं आणि हलक्या हातानं खाली उतरतं. ओव्हन वापरा, गॅसची ज्योत नको. ज्योत एकाच जागी अॅल्युमिनियमचा कस काढून घेते.

जिप्सी आणि ११८एनईकडे वळू. यांच्या अॅक्सलमध्ये एक गोष्ट आहे जी प्रत्येक मालकाला माहीत असायला हवी. शाफ्टवर आधी बेअरिंग बसतं आणि त्याला लागून एक पोलादी कॉलर, म्हणजे रिटेनर रिंग, घट्ट ठोकलेली असते. चाक गाडीला धरून ठेवते ती ही कॉलर. ती सरकली तर चाक, ड्रम आणि शाफ्ट सगळं मिळून बाहेर येतं. चाकाचे नट कितीही आवळलेले असले तरी.

जिप्सीच्या मूळ सुझुकी पद्धतीत ही कॉलर पुलरनं ओढत नाहीत. ग्राइंडरनं तिच्यावर समोरासमोर दोन ठिकाणी घासायचं, कॉलर कागदासारखी पातळ होईपर्यंत, आणि शाफ्टला चकती लागायच्या आधी थांबायचं. मग पातळ झालेल्या जागी छन्नी ठेवून हातोडा घालायचा. कॉलर नीट पातळ झाली असेल तर एका-दोन घावांत कोरडा 'टक्' आवाज येतो आणि ती उकलते. आवाज बोथट आला तर पोलाद अजून शिल्लक आहे. पुन्हा थोडं घासा, नुसते घाव वाढवू नका. त्यानंतर बेअरिंग पुलरनं निघतं. कॉलर दर वेळी नवी बसवायची. जुनी कॉलर परत वापरण्याइतकी महागडी बचत दुसरी नाही.

नवी कॉलर बसवताना फियाट १२४ घराण्याची पद्धत अशी, की कॉलर साधारण ३०० अंशांपर्यंत तापवून शाफ्टवर प्रेसनं सारायची. थंड होताना ती आवळते. थर्मामीटर नसेल तर कॉलरचा एक भाग पॉलिश पेपरनं चकचकीत करा. सुमारे २३० अंशांना तो गवती पिवळा दिसेल, ३०० च्या आसपास निळा. निळा दिसला की थांबा. प्रेस लगेच सोडू नका. कॉलर पकड घेईपर्यंत दाब धरून ठेवा, नाहीतर थंड होताना ती बेअरिंगपासून किंचित दूर सरकते आणि चाकात कायमचा प्ले राहतो.

रॅलीत किंवा लांबच्या सहलीत वेळ वाचवायचा खरा मार्ग या अॅक्सलमध्ये एकच आहे. शाफ्टचा एक जोड तयार ठेवायचा. नवं बेअरिंग, नवी कॉलर, सील आणि ब्रेकची बॅकप्लेट, सगळं शांतपणे कार्यशाळेत बसवून, मोजून, तेल लावून गुंडाळून ठेवायचं. वाटेत बेअरिंग गेलं तर जुना शाफ्ट ओढायचा आणि तयार शाफ्ट सरकवायचा. जॅक लावल्यापासून चाक पुन्हा चढेपर्यंत बहुतेक काम साध्या पान्यांनी होतं. प्रेस लागत नाही आणि ग्राइंडरही लागत नाही. जिप्सीचे वापरलेले शाफ्ट मिळतात. सरळ आहेत का ते लेथवर डायल लावून पाहा आणि एक जोड घेऊनच ठेवा. शाफ्टवर कुठलंही मशिनिंग करण्याआधी मी हा सल्ला देईन.

बेअरिंग चढवताना हातोडा लागत असेल, तर उष्णतेचा वापर नीट झालेला नाही असं समजा. ३५ मिलिमीटरचं बेअरिंग ८० अंशांनी तापवलं तर त्याचं भोक सुमारे ३४ मायक्रॉननं मोठं होतं. आपली सगळ्यात जास्त ओढ ३० मायक्रॉनची. म्हणजे खोलीत ३० अंश असतील, तर ११० अंशांचं बेअरिंग आपोआप घसरून बसायला हवं. १२० च्या वर नेऊ नका, पोलादाचा कठीणपणा उतरू लागतो. दोन्ही बाजूंनी सील असलेलं बेअरिंग मात्र ८० अंशांच्या आतच ठेवायचं, आतलं ग्रीस आणि रबर जपायला. तेवढ्यानं २१ मायक्रॉनच मिळतात. मग उरलेलं काम थंडीकडून करून घ्या. शाफ्ट प्लास्टिकच्या पिशवीत बांधून रात्रभर डीप फ्रीझरमध्ये ठेवला की तो आणखी २० मायक्रॉननं आकसतो. दोन्ही मिळून ४१. पुरेसं आहे. फ्रीझरमधून काढलेल्या शाफ्टवर दव धरतं, ते पुसून तेलाचा हात फिरवा आणि मग बेअरिंग सारा. प्रेस वापरलाच, तर ज्या रिंगची बसवण घट्ट आहे त्याच रिंगवर दाब द्या. दाब गोळ्यांतून गेला तर नवं बेअरिंग पहिल्या दिवसापासून गुणगुणतं.

आता शाफ्ट आधीच झिजलेला असेल तर काय? आपल्याकडे यावर दोन जुने उपाय चालतात आणि दोन्ही वाईट आहेत. एक, सेंटर पंचानं बैठकीवर ठोके मारून पोलाद फुगवायचं. बेअरिंग मग त्या चार-दोन उंचवट्यांवर टेकतं आणि ते उंचवटे महिनाभरात दबतात. दुसरा, वेल्डिंग करून लेथवर उतरवायचं. या शाफ्टचं पोलाद वेल्डिंगच्या कडेला ठिसूळ होतं आणि भेग नेमकी तिथे जाते. मागच्या चाकाच्या शाफ्टवर वेल्डिंग होता कामा नये. या बाबतीत मी कुठलीही सवलत देणार नाही.

झीज दोन-चार शतांश मिलिमीटरची असेल तर हार्ड क्रोम करून सिलिंड्रिकल ग्राइंडिंगनं मूळ मापावर आणता येतं. क्रोम केल्यावर शाफ्ट काही तास सुमारे २०० अंशांवर भाजून घ्यायला सांगा. प्लेटिंगमध्ये पोलादात शिरलेला हायड्रोजन त्यानं निघतो, एरवी तोच पोलाद ठिसूळ करतो. ही दोन्ही कामं करणारे कारखाने सातपूर आणि अंबड औद्योगिक वसाहतींत आहेत. गंगापूर रोडवरून सातपूर फार दूर नाही, आणि महिंद्रा, बॉशसारख्या कारखान्यांमुळे तिथे मायक्रॉनमध्ये काम करणारे हात तयार झाले आहेत. नाशिकच्या गाडीवाल्यांचं हे भाग्य आहे, ते वापरा.

लॉकटाइटबद्दल नेहमी विचारणा होते. ६४१ हे बेअरिंगसाठीचं मध्यम ताकदीचं रसायन आहे, पुढे काढता येईल असं. न फिरणाऱ्या स्पिंडलवर, थोड्या झिजेला, ते चांगलं काम देतं. जिप्सीच्या कॉलरखाली किंवा फिरत्या हबवर, गेलेल्या ओढीच्या बदल्यात, त्याच्यावर विसंबू नका.

जुन्या डॅटसन २४०झेडसारख्या काही स्पोर्ट्स कारमध्ये फिरत्या स्टब शाफ्टवर दोन बेअरिंगं, मध्ये एक डिस्टन्स पीस आणि शेवटी नट अशी रचना आहे. तिथे हौशी मंडळी एका बेअरिंगची बैठक ग्राइंडिंगनं हलकी करतात आणि नटाच्या आवळण्यावर भरवसा ठेवतात. शर्यतीची गाडी प्रत्येक शर्यतीनंतर उघडली जाते, त्यामुळे तिथे एकवेळ चालेल. रोज कॉलेज रोडला मुलांना सोडणाऱ्या गाडीत हा बदल करू नये, असं माझं स्पष्ट मत आहे. शर्यतीत उतरणाऱ्यांनी आपल्या वर्गाचे नियम आधी वाचावेत आणि तपासनीसांना विचारूनच खाच किंवा भोक पाडावं. रस्त्यावरच्या गाडीतही केलेल्या कामाची बिलं, मापं आणि फोटो जपून ठेवा. विम्याचा प्रश्न आला तर तेच उपयोगी पडतात.

बेअरिंग खरंच गेलंय का, हेही खात्रीनं कळायला हवं. झिजलेले टायरही तसाच आवाज करतात. सरळ, मोकळ्या रस्त्यावर हलकेच डावीकडे-उजवीकडे वळवून ऐका. डावीकडे वळताना वजन उजव्या चाकांवर जातं. तेव्हा आवाज वाढला तर उजवं बेअरिंग संशयित. मग गाडी जॅकवर आणि स्टँडवर घ्या, एक हात सस्पेन्शनच्या स्प्रिंगवर ठेवा आणि दुसऱ्यानं चाक फिरवा. खराब बेअरिंगची खरखर स्प्रिंगमधून बोटांना स्पष्ट लागते, कानाला ऐकू येण्याच्या कितीतरी आधी. नव्या गाड्यांत बेअरिंगच्या एका तोंडावर एबीएसची चुंबकीय पट्टी असते. ते तोंड सेन्सरकडेच हवं. उलट बसवलं तर सगळं काम पुन्हा करावं लागतं.

काम झाल्यावर नटाला मॅन्युअलमध्ये दिलेला टॉर्क द्या, अंदाजानं नाही. स्प्लिट पिन किंवा स्टेक नट नवा घाला. पहिल्या शंभर किलोमीटरनंतर चाक उचलून प्ले पाहा आणि लांबच्या प्रवासातल्या पहिल्या थांब्यावर हबला हात लावून पाहा. मागची दोन्ही चाकं सारखीच कोमट असायला हवीत.

आणि टर्नरकडे शाफ्ट देण्याआधी त्याला बैठक तुमच्यासमोर मोजायला सांगा, तीही शाफ्ट आणि मायक्रोमीटर एकाच तापमानाला आल्यावर. उन्हातल्या डिकीतून आणलेला शाफ्ट दहा अंशांनी गरम असला तरी ३५ मिलिमीटरला चार मायक्रॉन जास्त दाखवतो. माप तीन ठिकाणी आणि दोन आडव्या-उभ्या दिशांनी घ्यावं, कागदावर लिहावं. जो व्हर्नियर काढून 'बरोबर आहे' म्हणेल, त्याच्याकडे मागच्या चाकाचा शाफ्ट देऊ नका.